छोट्या ट्रकचे दात का पडतात?

सव्वावीत लांबीचा ट्रक, त्याला चार गुबगुबीत रबरी चाके, पोटात मुठीत मावेल एवढी मोटर, आणि रिमोटवर बोट दाबताच भुर्रकन पळणारे ते सोंग! ते पाहून "हं, खेळणेच ते!" असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी एकदा त्याचे पोट उघडून पाहावे. रस्त्यावरच्या खऱ्या ट्रकमध्ये जे जे असते त्यातले बरेचसे तिथे काडेपेटीएवढ्या जागांत बसवलेले आढळेल. स्टिअरिंगचे दांडे आहेत, स्प्रिंगा आहेत, तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर आहेत, आणि डाव्या-उजव्या चाकांच्या मधोमध 'डिफरन्शियल' नावाची एक दातेरी डबी आहे. बिघाड झाला की सर्वांत आधी बोट दाखविले जाते ते या डबीकडेच.

दिवाळीच्या खरेदीत असा ट्रक ज्यांच्या घरी येतो, त्यांच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी हमखास एक प्रसंग घडतो. गाडी एकाएकी 'कर्रर्र' असा आवाज करून थबकते. चिरंजीव रडवेले होऊन घरात येतात. घरातला जाणता माणूस "डिफरन्शियल गेले" असे निदान करतो. प्लॅस्टिकच्या गिअरांच्या जागी धातूचे गिअर मागविले जातात. ते आठ-दहा दिवसांनी येतात, बसविले जातात, आणि पुढच्याच रविवारी तीच गाडी तोच आवाज करून पुन्हा थांबते. फरक इतकाच, की या खेपेला मोडलेला भाग पहिल्यापेक्षा महाग असतो!

असे का व्हावे? प्लॅस्टिकहून पोलाद बळकट हे तर शेंबडे पोरही सांगेल. मग बळकट वस्तू घातल्यावर गाडी बळकट का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर दातांत नाही. दात ज्या घरात राहतात त्या घरात आहे. पण तिकडे वळण्यापूर्वी ही डबी मुळात कशासाठी असते ते पाहिले पाहिजे.

वळणाचे गणित

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त वाट तुडवावी लागते. खळ्यावर मळणी चालली असता तिवड्याजवळचा बैल रमतगमत चालतो आणि कडेचा बैल धापा टाकतो, तोच हा न्याय. किती जास्त वाट, याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. एक पूर्ण गोल चक्कर मारली की बाहेरचे चाक आतल्यापेक्षा किती अधिक चालते, ते चक्कर लहान की मोठी यावर मुळीच अवलंबून नसते. दोन चाकांमधल्या अंतरावर असते. ते अंतर १५ सेंटिमीटर असेल, तर चक्कर अंगणातली असो की क्रिकेटच्या मैदानाभोवतीची, फरक सुमारे ९४ सेंटिमीटरच. सात सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचे हे चारांहून अधिक फेरे झाले. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर जखडली, तर हे जादा फेरे कुणीतरी घसरत काढावयाचे. घसरण्यात टायर झिजते, दांडा पिळवटतो आणि गाडी वळायला कां-कूं करते.

ही अडचण जुनीच आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिच्यावर तोड काढली. पुढे १८७७ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी ती पायडलच्या गाडीला बसविली. सांगतात ते असे, की स्टार्ली आणि त्यांचा मुलगा शेजारी शेजारी बसून एकच गाडी हाकीत होते. एकेका बाजूचे चाक एकेकाच्या पायांत. लेकाचे पाय तरणे, बापाचे थकलेले. गाडी बापाच्या बाजूला कलत गेली आणि तीर्थरूप रस्त्याकडेच्या झुडपात! गोष्ट थोडी रंगविलेली असेल, पण तीत डिफरन्शियलचे सारे शास्त्र आहे. दोन पायांची ताकद सारखी नसली, दोन चाकांचे फेरे सारखे नसले, तरी गाडी नीट चालली पाहिजे.

आता डबीच्या आत डोकावू. मोटरकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहानसा पिनियन असतो. तो मोठ्या क्राऊनला फिरवितो. क्राऊन ज्या डबीला जोडलेला असतो तिच्या पोटात एका आडव्या खिळीवर दोन किंवा चार इवलेसे गिअर मोकळे बसलेले असतात. आपल्याकडचे गॅरेजवाले त्यांना स्टार पिनियन म्हणतात. त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक सन गिअर, आणि सन गिअरमधून निघालेले दांडे चाकांकडे. गाडी सरळ चालली असता हे स्टार पिनियन स्वतःभोवती फिरतच नाहीत. डबीबरोबर नुसते मिरवत असतात. वळण आले की ते फिरू लागतात आणि एका चाकाचे जेवढे फेरे कमी होतात तेवढे दुसऱ्याला बहाल करतात. वाचकांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे निदान करताना ती फार उपयोगी पडते.

रेडिओने वाहन हाकण्याची करामत निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका छोट्या बोटीवर करून दाखविली. खेळातल्या मोटारींचे वेड मात्र फार उशिरा पसरले. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली काढलेली १:१२ मापाची पोर्श ९३४ ही त्यातली एक गाजलेली गाडी. आज आपल्या घरांत जे ट्रक दिसतात ते बहुधा याहूनही लहान, १:१६, १:१८ किंवा १:२४ मापाचे असतात. आणि जसजसे माप लहान, तसतसे दातही बारीक. खऱ्या ट्रकच्या क्राऊनचा एकेक दात बोटाएवढा असतो, याचा दात तांदळाच्या कण्यांशी स्पर्धा करतो. तिथे केसभर चूक खपून जाते. इथे ती खपत नाही.

आधी निदान, मग औषध

पहिला नियम असा, की आवाज आला म्हणून डबी खोलू नये. गाडी एखाद्या डब्यावर अधांतरी ठेवावी, मोटर बंद असावी आणि हाताने चाके फिरवून पाहावीत. मोटरकडचा मोठा गिअर बोटाने धरून एक चाक पुढे फिरविले, की त्याच्या जोडीदाराने तेवढेच मागे फिरावे. तसे झाले आणि हाताला गुळगुळीत लागले, तर डबीच्या पोटातले गिअर धडधाकट आहेत असे बहुधा समजावे आणि दोष अन्यत्र शोधावा.

हे अन्यत्र म्हणजे कुठे? ट्रकच्या चाकामागे एक षट्कोनी बोंड असते आणि ते एका टाचणीएवढ्या आडव्या खिळीने दांड्याला अडकलेले असते. टायर बदलताना ही खिळी गवतात पडते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. मग काय होते पाहा: एका चाकाचा दांडा मोकळा सुटला की डिफरन्शियल आपले सारे फेरे त्या मोकळ्या दांड्यालाच देते, कारण ज्याचा विरोध कमी त्याच्याकडे फेरे पाठविणे हा त्याचा स्वभावच. मागच्याच चाकांवर चालणारी गाडी अशा वेळी जागची हलत नाही, मोटर मात्र केकाटते. मालक म्हणतो, "डिफरन्शियल खलास!" आणि डिफरन्शियल तर बिचारे आपले काम चोख करीत असते. दोन-चार रुपयांच्या खिळीपायी शेकड्यांची खरेदी झालेली मी पाहिली आहे.

दुसरा निरपराध आरोपी म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा पिनियन. तो एका बारीक डोके नसलेल्या स्क्रूने धरलेला असतो. दांड्याला एका बाजूने सपाटी असते. स्क्रू त्या सपाटीवर बसला नाही तर जोर येताच पिनियन जागच्या जागी घसरतो, आणि तो आवाज हुबेहूब दात गळाल्यासारखा येतो.

हे दोन्ही ठीक असतील तर मग कान टवकारावेत. गाडी सरळ जाताना शांत आहे आणि वळताना करकरते, असे असेल तर दोष स्टार पिनियनमध्ये किंवा सन गिअरमध्ये. कारण ते फक्त वळतानाच फिरतात. सरळ जातानाही 'टक्... टक्...' होत असेल तर आवाज मोजावा. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच टक् झाले तर क्राऊनचा एक दात गेला आहे. तीन-चारदा झाले तर पिनियनचा, कारण क्राऊनच्या एका फेऱ्यात पिनियनचे साधारण तेवढे फेरे होतात. आणि हळू चालताना काहीच आवाज नाही, पण जोरात बटण दाबताच 'कर्रर्र' होते, असे असेल तर दात अजून शाबूत असण्याचा संभव आहे; जोर आला की क्राऊन आणि पिनियन एकमेकांपासून दूर सरकतात आणि दातांवरून दात घसरतात. दोष आहे तो दातांना जागेवर न धरणाऱ्या घराचा. हीच व्याधी सर्वांत जास्त आढळते आणि हिच्यावरच सर्वांत जास्त चुकीचे औषध दिले जाते.

नवे डिफरन्शियल घातल्याबरोबर उद्भवणारा एक विनोदी आजारही सांगून टाकतो. गाडी सुरू केली की ती जागच्या जागी गुरगुरते, पुढची चाके एका दिशेला आणि मागची दुसऱ्या! घाबरण्याचे कारण नाही. एक डबी उलटी बसली आहे, एवढेच. मधल्या एकाच सरळ दांड्यावर चारही चाके फिरविणाऱ्या गाडीत पुढचा क्राऊन डाव्या अंगाला असेल तर मागचा उजव्या अंगाला असावा लागतो. डबी काढून फिरवून बसवावी. मात्र तोवर बटण पुनःपुन्हा दाबून खात्री करून घेण्याचा मोह आवरावा.

गुरुजींचा ट्रक

साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी १:१८ मापाचा एक ट्रक घेऊन दिला. नातवाच्या मामाने हौसेने त्यात ब्रशलेस मोटर बसविली आणि दोन सेलच्या बॅटरीऐवजी तीन सेलची दिली. पुढच्या दोन महिन्यांत त्या ट्रकने मागच्या डिफरन्शियलचे तीन संच खाल्ले. चौथ्या खेपेला पोलादी संच आणला, तर दात टिकले आणि ते ज्या प्लॅस्टिकच्या पेटीत बसतात ती पेटीच मधून उकलली. गुरुजी पेन्शनर माणूस. "आता हा ट्रक माळ्यावर टाकतो," असे ते म्हणाले, आणि नातवाने जेवण सोडले.

त्यांच्या शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपात हयात घालविलेले एक मेस्त्री राहतात. खेळण्याला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, मोडका क्राऊन उन्हात धरून पाहिला आणि विचारले, "गुरुजी, सगळे दात एकाच बाजूला, अन् तेही टोकालाच झिजलेत. असं कधी होतं?"

"तुम्हीच सांगा, मेस्त्री."

"दात टोकाटोकानं भेटले की. पोटभर भेटलेच नाहीत एकमेकांना."

मग त्यांनी पेटीतला प्लॅस्टिकचा बुश काढून दाखविला. भोक गोल राहिलेले नव्हते. अंड्यासारखे लांबट झाले होते. डबी त्या भोकात डुलत होती. पेटी मिटणाऱ्या चार स्क्रूंपैकी दोघांचे आटे गेलेले. म्हणजे मोटरने जोर लावला की पेटीचा जबडा वासला जाई, डबी मागे सरके, आणि दात निसटत. पहिला संच या कारणाने गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. पोलादी दात निसटेनात, तेव्हा तो सारा जोर पेटीवर आला आणि पेटी उकलली.

मेस्त्रींनी नवी पेटी आणविली, बुशच्या जागी बॉल बेअरिंग बसविले, क्राऊनच्या पाठीमागे एक पातळ चकती घातली, आणि डब्याच्या तळाशी उरलेला साध्या प्लॅस्टिकचाच संच आत ठेवून पेटी मिटली. बॅटरी पुन्हा दोन सेलची लावली. ट्रक उन्हाळ्याची सुटीभर धावला. दुसरा पोलादी संच गुरुजींनी हौसेने मागवून ठेवला होता. तो अजून कपाटात कोराच आहे.

दोन सेल आणि तीन सेल यांतला फरक मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नये. ७.४ व्होल्टच्या जागी ११.१ व्होल्ट म्हणजे मोटरचे फेरे दीडपट. परंतु फिरत्या चाकात साठलेली शक्ती फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. म्हणजे ती सव्वादोन पट होते. गाडी उडी मारून हवेत आहे, बोट बटणावर तसेच दाबलेले आहे, चाके भिंगरीसारखी फिरताहेत, आणि त्याच क्षणी ती जमिनीवर टेकून थबकतात. ती सव्वादोन पट शक्ती जावी कुठे? चाकाकडून दांड्यात, दांड्याकडून सन गिअरमध्ये, तिथून स्टार पिनियनच्या त्या सुईएवढ्या खिळीवर. उडीच्या वेळी बोट सैल करावयास मुलाला शिकविणे हा डिफरन्शियल वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोठी चाके लावण्याच्या हौसेचेही तेच. चाक मोठे केले की तरफ लांब होते आणि दातांवरचा भार त्याच प्रमाणात चढतो.

चकती, कागद आणि लोहचुंबक

मेस्त्रींनी घातलेल्या त्या चकतीला शिम म्हणतात. ०.१ आणि ०.२ मिलिमीटर जाडीच्या या पोलादी चकत्यांचे पुडके नव्या गिअरांहून कितीतरी स्वस्त मिळते, आणि माझ्या मते डिफरन्शियलची पहिली सुधारणा तीच असावी. गिअर नव्हे. दुसरी सुधारणा बॉल बेअरिंग. धातूचा संच यांच्यानंतर.

चकती कुठे घालावयाची यात पुष्कळांची गल्लत होते. क्राऊन पिनियनकडे ढकलावयाचा असेल तर चकती क्राऊनच्या पाठीकडे, म्हणजे क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंगला लागून बसली पाहिजे. ती दुसऱ्या बाजूला घातली तर क्राऊन उलट दूर जातो, आणि सुधारणा करू जाता दात आणखी लवकर झिजतात. किती घालाव्यात? एक घालावी, पेटी पूर्ण मिटून स्क्रू आवळावेत, आणि हाताने फिरवून पाहावे. पेटी अर्धवट मिटून केलेली परीक्षा काही कामाची नाही. चाके सहज फिरली पाहिजेत, आणि पिनियनचा दांडा बोटांत धरून मागेपुढे हलविला तर किंचित, अगदी किंचित 'प्ले' लागला पाहिजे. प्ले मुळीच नसेल तर दात एकमेकांत आवळले गेले आहेत. अशी गाडी चालते, पण मोटर तापते, बॅटरी लवकर संपते, आणि एका ठिकाणी जड व दुसऱ्या ठिकाणी हलके असे फिरणे हाताला जाणवते. दात कुठे भेटतात ते पाहावयाचे असेल तर मोठ्या गॅरेजांत निळा रंग लावतात. आपण शाई पुसली जाईल अशा मार्कर पेनने क्राऊनचे चार-पाच दात रंगवावेत, दहा-वीस फेरे द्यावेत आणि शाई कुठे गेली ते पाहावे. ती दाताच्या मध्यभागी घासलेली असावी. टोकाला घासलेली असेल तर गुरुजींच्या ट्रकची आठवण करावी. मोटरचा पिनियन आणि त्याला लागलेला मोठा गिअर यांच्यासाठी युक्ती अधिक सोपी आहे: मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दोन्ही दाबून धरावेत, मोटरचे स्क्रू आवळावेत आणि पट्टी फिरवून काढून घ्यावी. कागदाएवढीच फट उरते.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना तो आधी उलटा फिरवावा. थोड्याच वेळात तो 'टक्' करून जुन्या आट्यांत उतरल्याचे हाताला कळते. मग सुलटा आवळावा. हे न करणारा माणूस दर खेपेला नवे आटे कापतो आणि चार-पाच खेपांत भोकाचे मडके करून ठेवतो. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावावयाचा निळा द्रव धातूत धातू असेल तिथेच वापरावा. काही प्लॅस्टिकांना तो तडे पाडतो.

'मेटल गिअर' या दोन शब्दांनी भुलून जाऊ नये. धातू कोणता, हे पाहिले पाहिजे. स्वस्त संचात पुष्कळदा जस्ताची ओतीव मिश्रधातू असते. ती जड असते, चकाकते, आणि फटक्यासरशी बिस्किटासारखी तुटते. फ्रिजच्या दारावरचे लोहचुंबक आणून गिअरला लावावे. चिकटला नाही तर तो जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा असण्याचा संभव मोठा. (काही प्रकारचे स्टेनलेस स्टीलही चिकटत नाही, पण अशा गिअरांत ते क्वचितच.) चिकटला तर लोहजातीचा आहे इतके नक्की, तो पूड दाबून भाजलेला की पोलाद कापून घडविलेला, हे मात्र चुंबक सांगत नाही. कापून घडविलेला चांगला. पूड दाबून केलेला झीज सोसतो, पण धक्का तितकासा सोसत नाही.

आयात करून मागविणाऱ्यांना तर हा विचार अधिकच करावा लागतो. परदेशी खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर. चुकीचा भाग मागविण्याची चैन तेव्हापासून महागली आहे.

चांगल्या प्लॅस्टिकची बाजूही घेतली पाहिजे. ते हलके असते, आवाज करीत नाही, आणि घरातल्या विजेच्या फ्यूजसारखे स्वस्तात जळून बाकीचे वाचविते. ज्या गाडीत स्लिपर क्लच आहे तिची गोष्ट निराळी. या क्लचच्या चकत्या फटका येताच थोड्या घसरतात आणि धक्का गिळतात. पण गाडी 'ताकदीने' पळावी म्हणून तो क्लच पार आवळून टाकणारे हौशी लोक आहेत. आवळलेला क्लच म्हणजे फ्यूजच्या जागी घातलेला खिळा. तो थोडा सैल सोडावा. जोरात निघताना क्षणभर घसरल्याचा बारीक आवाज आला की बेत जमला.

तेलाचा पाक

बंदिस्त डबी असेल तर तीत सिलिकोनचे तेल भरता येते, आणि इथून पुढे हा खेळ स्वयंपाकघराच्या जवळ येतो. हे तेल जितके दाट तितके स्टार पिनियन फिरावयास नाखूष, म्हणजेच एक चाक चिखलात तरंगले तरी दुसऱ्याला थोडी ओढ मिळते. दाटपणा सेंटिस्टोक या मापात सांगतात. पाणी १, एरंडेल १,००० च्या आसपास, मध काही हजार, असा साधारण अंदाज धरावा. बाटल्या ५,००० पासून ५ लाखांपर्यंत मिळतात. पाकाच्या एकतारी-दोनतारीत चुकले तर लाडू बिघडतात, तसे इथे वळण बिघडते. चारही चाकांवर चालणाऱ्या छोट्या ट्रकला मागे पातळ आणि पुढे त्याहून दाट, अशी सुरुवात मला पसंत आहे. मागे फार दाट भरले की गाडी वळताना शेपूट फेकते. शॉक ॲब्सॉर्बरच्या तेलावर 'वेट' नावाचे निराळेच माप असते. ते आकडे आणि सेंटिस्टोकचे आकडे एकच समजून तेल भरू नये.

डबी गळू लागली तर तेलाला दोष देण्यात अर्थ नाही. कागदी गॅस्केट फाटले आहे का, दांड्याभोवतीचे रबरी कडे जागेवर आहे का, आणि चार स्क्रू समोरासमोर आळीपाळीने आवळले होते का, हे पाहावे. डबी काठोकाठही भरू नये. स्टार पिनियनची खिळी जेमतेम बुडेल इतके तेल पुरे. चालताना ते तापते, फुगते, आणि त्याला जागा लागते. बाहेरच्या क्राऊन-पिनियनला ग्रीस पातळसे लावावे. थापलेले ग्रीस धूळ धरते, आणि धूळमिश्रित ग्रीस म्हणजे दात घासावयाची पेस्टच.

काहीजण याही पुढे जातात. डबीत गरम गोंद ओतून डिफरन्शियल कायमचे मुके करतात. दगडधोंड्यांवर चढणाऱ्या ट्रकला ते शोभते. १:२४ मापाच्या ॲक्सियल एससीएक्स २४ सारख्या गाड्यांची डाव्या-उजव्या चाकांची जोडी कारखान्यातूनच जखडलेली येते, आणि २०१७ साली आलेल्या ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ या मोठ्या गाडीत तर ती चालता चालता रिमोटवरून जखडता व सोडता येते. पण सोसायटीच्या फरशीवर पळणाऱ्या ट्रकला गोंद पाजणे मला साफ नापसंत आहे. ते मघाचे चार फेरे पुन्हा घसरत काढावे लागतात, आणि एखाद्या संध्याकाळी जो दांडा आधी थकेल तो पिळवटून तुटतो.

पेटी मिटली, चकती बसली, तेल भरले. आता पहिली बॅटरी गवतावर किंवा मातीत, उड्या न मारता, अर्ध्या वेगाने संपवावी. मग मोटरला हात लावून पाहावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल इतकी ती तापली असेल तर दात आवळले गेले आहेत. पेटी उघडून ०.१ ची चकती काढावी. ती कोमट असेल तर एकदा खाली उताणे धरून गळती पाहावी, चाकांमागच्या चारही खिळ्या मोजाव्यात, आणि ट्रक चिरंजीवांच्या हवाली करावा. रिमोटसुद्धा.